'तोंडावर ताबा ठेव' म्हणण्याआधी भुकेचं एवढं वाचा

वजन जास्त असलेल्या माणसाला आयुष्यभर सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे "जरा तोंडावर ताबा ठेव". घरचे म्हणतात, मित्र म्हणतात, कधी कधी तर दुसऱ्याच कशासाठी तरी डॉक्टरकडे गेलं तरी हेच ऐकून परत यावं लागतं. माझ्या अगदी जवळच्या एका माणसाला लहानपणापासून हे ऐकताना मी बघत आलेय आणि मला या वाक्याचा मनापासून राग आहे, कारण त्यात असं गृहीत धरलेलं असतं की भूक सगळ्यांना सारखीच लागते, फक्त काहीजण स्वतःला आवरतात आणि काहीजण आवरत नाहीत. गेली काही वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचतेय आणि जे कळत गेलं ते याच्या बरोबर उलट आहे. भूक म्हणजे पोट, आतडी, चरबी आणि मेंदू यांच्यात दिवसरात्र चाललेलं बोलणं आहे, आणि ते प्रत्येकाच्या शरीरात वेगळं चालतं. आपल्या इच्छाशक्तीचा नंबर फार उशिरा लागतो.

आधी पोटापासूनच सुरुवात करू कारण सगळ्यांना वाटतं भूक तिथेच असते. १९१२ साली हार्वर्डमधे वॉल्टर कॅनन आणि त्याचा विद्यार्थी वॉशबर्न यांनी एक प्रयोग केला. वॉशबर्नने नळीला जोडलेला रबरी फुगा चक्क गिळला, तो पोटात थोडा फुगवला, नळीचं दुसरं टोक रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राला जोडलं, आणि भुकेची कळ आली की तो हातातलं बटण दाबायचा. जठर आकुंचन पावत होतं आणि भूक जाणवत होती या दोन्ही गोष्टी एकत्र येत होत्या. झालं, निष्कर्ष निघाला की रिकाम्या पोटाचं आकुंचन म्हणजेच भूक. वाचायला पटतंही. पण १९३१ मधे अशा एका पेशंटची नोंद छापून आली ज्याचं अख्खं जठर ऑपरेशन करून काढलेलं होतं, आणि त्याला तरीही भूक लागत होती! म्हणजे आकुंचन भुकेसोबत येतं हे खरं, पण भूक फक्त त्यातून तयार होत नाही. (आणि पोटात गुडगुड आवाज येतो तो दर वेळी भुकेचा नसतो, रिकामं असताना जठर आणि लहान आतडं साधारण दर दीड-दोन तासांनी एक जोरदार लाट सोडून उरलंसुरलं पुढे ढकलत असतात, ती साफसफाई असते.)

मग जठर मेंदूला काय सांगतं? तर १९९९ साली जपानमधे कोजिमा आणि कांगावा यांच्या टीमला ग्रेलिन नावाचं हार्मोन सापडलं. गंमत म्हणजे ते भूक शोधत नव्हतेच, मेंदूत ग्रोथ हार्मोनशी संबंधित एक रिसेप्टर (म्हणजे पेशीवरची, ठराविक रेणू येऊन बसायची जागा) होता, त्यावर जाऊन बसणारा शरीरातला रेणू कुठला हे कोणाला माहीत नव्हतं, तो ते शोधत होते आणि तो निघाला उंदराच्या जठरात. जेवायच्या आधी रक्तातलं ग्रेलिन वाढतं, जेवल्यावर उतरतं. आणि ते फक्त पोट रिकामं म्हणून वाढत नाही, तर आपण रोज ज्या वेळी जेवतो त्या वेळेच्या आधी वाढतं, म्हणजे शरीर वेळ पाठ करून ठेवतं. रोज एक वाजता जेवणाऱ्याला साडेबारालाच चुळबुळ सुरू होते ती यामुळे. याची दुसरी बाजू तुम्हीही अनुभवली असेल, कामाच्या गडबडीत जेवणाची वेळ टळून जाते, आधी जाम भूक लागते, चिडचिड होते, आणि मग तास-दीड तासाने काही न खाताही ती भूक आपोआप ओसरते. आपण म्हणतो "भूक मेली". ग्रेलिनची लाट येऊन गेलेली असते, एवढंच. पुढच्या जेवणाच्या वेळेला ती परत येणार.

ग्रेलिन जाऊन पोचतं मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात. तिथे दोन प्रकारचे न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या निरोप देणाऱ्या पेशी, शेजारी शेजारी आहेत, एजीआरपी नावाचे, हे भूक पेटवणारे, आणि पीओएमसी नावाचे, जे पुरे आता म्हणणारे. यातल्या एजीआरपी न्यूरॉनची ताकद किती ते उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. २०११ मधे संशोधकांनी पोटभर जेवलेल्या उंदरांमधे फक्त हे न्यूरॉन बाहेरून चालू केले तर ते उंदीर काही मिनिटांत अधाशासारखे खायला लागले. पोट भरलेलं, रक्तात साखर आहे, कशाचीच कमी नाही, तरी खातायत! हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की खूप खाणारा माणूस हावरट नसून खरोखर भुकेला असू शकतो, आपल्याला बाहेरून त्याचं भरलेलं ताट दिसतं, त्याच्या आतले न्यूरॉन काय ओरडतायत ते दिसत नाही.

याच न्यूरॉनबद्दल २०१५ मधे अजून एक गोष्ट कळली आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. सगळ्यांना वाटायचं की खाल्लं, पचलं, रक्तात उतरलं की मग हे न्यूरॉन हळूहळू शांत होत असणार. पण उपाशी उंदराच्या मेंदूत बघितलं तर अन्न नुसतं समोर आलं, वास आला, की काही सेकंदांत ते शांत व्हायला लागतात, पहिला घास तोंडात जायच्या आधी! म्हणजे मेंदू आधीच अंदाज बांधतो की आता एवढी एवढी ऊर्जा मिळणार आहे. आणि अन्न दाखवून काढून घेतलं तर ते परत पेटतात. पुढे हेही दिसलं की पोटात खरोखर अन्न पोचल्यावरच ही शांतता टिकते. मेंदू अंदाज करतो आणि पोट तो बरोबर होता का ते कळवतं, हे असं दर जेवणाला चालू असतं.

आता घास खाली गेला की काय होतं बघा. जठर ताणलं जातं, तो ताण व्हेगस नर्व्हला कळतो. ही नस मेंदूच्या खालच्या भागातून निघून छाती पोटापर्यंत पसरलेली आहे, आणि तिच्यातले जवळजवळ ८० टक्के तंतू खालून वर बातम्या नेणारे आहेत, मेंदूकडून पोटाला हुकूम सोडणारे फार थोडे. म्हणजे पोटच जास्त बोलतं, मेंदू जास्त ऐकतो. जठरातून अन्न लहान आतड्यात उतरायला लागलं की तिथल्या पेशी फॅट आणि प्रोटीन ओळखून सीसीके नावाचं हार्मोन सोडतात. सीसीकेने उंदीर कमी खातात हे १९७३ सालीच दाखवलं गेलं होतं, त्यामुळे आतडं भूक कमी करू शकतं ही कल्पना काही नवी नाही. अजून खाली गेलं की जीएलपी-१ आणि पीवायवाय ही अजून दोन हार्मोन सुटतात, ही दोन्ही जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतात आणि वर पुरे झालं म्हणून कळवतात. आणि अलीकडे, २०१८ मधे, असंही सापडलं की आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या काही पेशी रक्तात हार्मोन सोडून थांबत नाहीत, तर व्हेगसच्या टोकाशी थेट जोडलेल्या असतात आणि साखर आली ही बातमी मिलिसेकंदांत पुढे सरकवतात.

बाकी हार्मोनवाल्या बातम्यांना मात्र वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटं तरी. सावकाश जेवा असं जे सगळे सांगतात त्यामागे हेच आहे, भराभर जेवणारा माणूस "पुरे" ऐकू यायच्या आत दुसऱ्यांदा वाढून घेऊन मोकळा झालेला असतो. प्रोटीन आणि तंतुमय पदार्थ जास्त असलेलं जेवण जास्त वेळ टिकतं तेही याच साखळीमुळे, तंतुमय भाग शेवटी मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया खातात, त्यातून जे छोटे फॅटी अ‍ॅसिड बनतात ते परत जीएलपी-१ आणि पीवायवाय सोडणाऱ्या पेशींना चेतवतात.

पण हे सगळं एका जेवणापुरतं झालं. महिनोन् महिने वजनाकडे कोण लक्ष ठेवतं? त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण माझ्या मते या अख्ख्या विषयात याच्याइतकं सुंदर डोकं कुठे लागलेलं नाही.

अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबमधे प्रचंड लठ्ठ उंदरांच्या दोन जाती होत्या, एक ओबी आणि एक डीबी. दोन्ही सतत खायचे, दिसायला साधारण सारखे. डग्लस कोलमन नावाच्या शास्त्रज्ञाने दोन दोन उंदरांचं रक्ताभिसरण ऑपरेशन करून एकमेकांना जोडलं. ओबी उंदीर साध्या उंदराला जोडला तर ओबी कमी खायला लागला आणि त्याचं वजन उतरलं. डीबी साध्याला जोडला तर डीबीला काहीच फरक नाही, पण साध्या उंदराने खाणंच सोडलं आणि तो उपासमारीने मेला. मग ओबी डीबीला जोडला, तर डीबी तसाच लठ्ठ आणि ओबी उपाशी मेला. आता यावरून कोलमनने काय ओळखलं, की रक्तात "साठा भरपूर आहे, थांब" असं सांगणारं काहीतरी फिरतंय, ओबीला ते बनवताच येत नाही पण मिळालं तर कळतं, आणि डीबी ते ढीगभर बनवतो पण त्याला स्वतःला ते ऐकूच येत नाही. तो रेणू हातात आला नव्हता, नुसत्या जोड्यांवरून हे ताडलं! रेणू सापडला १९९४ मधे, रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमनच्या टीमला, तो चरबीच्या पेशींमधून येतो आणि त्याला लेप्टिन म्हणतात. डीबीवाल्यांमधे खरंच लेप्टिनचा रिसेप्टर बिघडलेला निघाला. २०१० मधे कोलमन आणि फ्रीडमन दोघांना मिळून वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आणि मग माणसं. १९९७ मधे केंब्रिजच्या डॉक्टरांना दोन चुलत भावंडं सापडली ज्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. फार लहान वयापासून प्रचंड वजन, कितीही खाल्लं तरी भूक थांबत नाही, खायला दिलं नाही तर आकांत. यातल्या नऊ वर्षांच्या मुलीचं वजन ९० किलोच्या वर गेलं होतं. तिला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं आणि वर्षभरात पंधरा किलोहून जास्त वजन उतरलं, भूक बाकीच्या मुलांसारखी झाली. तिच्यावर कोणी संस्कार केले नाहीत, तिला कोणी शिस्त लावली नाही. कमी असलेला एक रेणू दिला. त्याआधी या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना किती लोकांनी काय काय ऐकवलं असेल याचा विचार करून मला आजही वाईट वाटतं.

अशी मुलं फार दुर्मिळ आहेत, तेव्हा लगेच कोणी लेप्टिन शोधायला जाऊ नका. लठ्ठ असणाऱ्या बहुतेकांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. वरून अजून लेप्टिन देऊन बघितलं, फार उपयोग झाला नाही. पण लेप्टिन उलट बाजूने फार कडक काम करतं, ते कमी झालं की मेंदू दुष्काळ पडला असं समजतो. ऑस्ट्रेलियातला २०११ चा अभ्यास आहे, ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीचा आहार दिला, वजन सरासरी साडेतेरा किलो उतरलं, लेप्टिन पीवायवाय सीसीके खाली, ग्रेलिन वर, भूक वाढलेली. हे अपेक्षितच होतं. पण एक वर्षानंतर परत मोजलं तरी हे आकडे मूळ जागी आलेले नव्हते आणि भूकही वाढलेलीच होती. वर्षभर शरीर ओढतंय की ते वजन परत आण. डाएट करून वजन उतरवलेली आणि मग परत वाढलेली माणसं तुम्ही बघितली असतील, तेव्हा "मधेच सोडलं वाटतं" म्हणण्याआधी हे लक्षात असू द्या, ती माणसं रोज आपल्यापेक्षा जास्त भूक घेऊन जगत होती.

आत्तापर्यंत सगळं खालून वर जाणारं सांगितलं, पण वरून खालीही येतंच. येल युनिव्हर्सिटीतला २०११ चा मिल्कशेकचा प्रयोग बघा. ४६ लोकांना दोन वेगवेगळ्या वेळी मिल्कशेक दिला, दोन्ही वेळा तोच, ३८० कॅलरीचा. एकदा लेबलवर लिहिलं ६२० कॅलरी, एकदम मस्त चापून खाण्याचा प्रकार, आणि एकदा लिहिलं १४० कॅलरी, हेल्दी. जेव्हा लोकांना वाटलं आपण भारी काहीतरी पितोय तेव्हा त्यांचं ग्रेलिन जोरात उतरलं, आणि हेल्दी समजून प्यायले तेव्हा जवळजवळ हललंच नाही. हार्मोन, रक्तात मोजलेलं, लेबल वाचून बदललं. त्यामुळे "हे काही खरं जेवण नाही, मी तर डाएटवर आहे" असं मनाशी घोकत जेवणाऱ्यांच्या पोटालाही जेवल्यासारखं वाटत नसेल तर मला त्यात काही नवल वाटत नाही. (हे माझं मत.)

आठवणीचंही असंच. १९९८ मधे एक अभ्यास आला होता, मेंदूला इजा झाल्यामुळे दोन पेशंटना मिनिटाभरापूर्वीचंही आठवत नसे. त्यांना जेवण दिलं, ते जेवले, ताट उचललं, आणि दहा ते तीस मिनिटांनी परत जेवण समोर ठेवलं तर ते परत जेवले. त्यांची जठरं भरलेली होती, आतड्यांनी बातमी पाठवली असणार, पण "मी आत्ताच जेवलोय" ही आठवण नव्हती. मोबाईल बघत जेवलं की थोड्या वेळाने परत काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं त्यात या आठवणीचा हात असतो, कारण लक्षच नव्हतं तर आठवण बनणार कुठून.

गोडाचं मात्र वेगळं प्रकरण आहे. पोट गच्च भरलं असताना गोड कसं चालतं याचं एक कारण असं की कंटाळा त्या त्या चवीचा येतो, नवीन चव आली की भूक थोडी परत जागी होते. पण त्याहून खोल काहीतरी आहे, ज्या उंदरांना गोड चवच कळत नाही ते सुद्धा थोड्या वेळात साखरेचं पाणी ओळखून तेच प्यायला लागतात, कारण आतडं साखर ओळखून व्हेगसमार्फत मेंदूला कळवतं. २०२० मधे हा मार्ग नीट दाखवला गेला, आणि कृत्रिम गोडी असलेल्या पदार्थांनी तो चेतत नाही हेही दिसलं. जिभेला फसवता येतं, आतड्याला नाही येत.

झोपेचं थोडक्यात सांगते. २००४ मधे १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार चार तास झोपू दिलं, तर दहा तास झोपायला दिलेल्या रात्रींच्या तुलनेत लेप्टिन १८ टक्के कमी आणि ग्रेलिन २८ टक्के जास्त. फक्त दोन रात्रींत! नाईट शिफ्ट करणारे, लहान बाळाचे आईबाप, यांना दिवसभर काहीतरी खात राहावंसं वाटतं ते उगाच नाही.

आणि समोर काय ठेवलंय त्यानेही फरक पडतो. केव्हिन हॉल या अमेरिकन संशोधकाच्या टीमने २० माणसांना लॅबमधे ठेवून दोन आठवडे फॅक्टरीत बनलेलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं ताजं बनवलेलं अन्न दिलं, समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांतली साखर, फॅट, तंतुमय भाग, कॅलरी सगळं जुळवून, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. तयार अन्नाच्या दिवसांत लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि जास्त वेगाने खात होते, आणि साध्या अन्नाच्या दिवसांत त्यांचं पीवायवाय वाढलेलं आणि ग्रेलिन कमी झालेलं दिसलं. माणसं तीच होती. निश्चय तोच होता. २०१९ मधे हे छापून आलं तेव्हापासून मी तयार पाकिटं घरात कमी आणते, कारण समोर असताना स्वतःशी भांडण्यापेक्षा समोर नसणं मला सोपं पडतं.

शेवटी वजन उतरवणाऱ्या त्या इंजेक्शनांबद्दल, कारण हल्ली सगळीकडे तोच विषय आहे. आपल्या आतड्यातलं जीएलपी-१ रक्तात दोन-एक मिनिटंच टिकतं, एक एन्झाइम त्याला लगेच तोडून टाकतं. मग जॉन इंग नावाच्या डॉक्टरला १९९० च्या दशकात गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात जीएलपी-१ सारखाच पण जास्त टिकणारा रेणू सापडला, त्यातून २००५ मधे डायबिटीसचं औषध आलं. त्यानंतर आलेलं त्याच प्रकारचं औषध म्हणजे सेमाग्लुटाइड, ते शरीरात निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून ते आठवड्यातून एकदा घेतात, आणि २०२१ मधे अमेरिकेत त्याला वजनासाठीही परवानगी मिळाली. ते घेणारे लोक एक गोष्ट परत परत सांगतात, की डोक्यात सतत चालणारी खाण्याची कुजबुज बंद झाली, पुढे काय खायचं, उरलेलं आत्ता खाऊ का नंतर, हे विचारच येत नाहीत. कित्येकांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं की बाकीच्या लोकांच्या डोक्यात ही कुजबुज एवढी नसतेच.

पण औषध थांबवलं की काय होतं तेही तपासलेलं आहे, एका मोठ्या ट्रायलमधे औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. लेप्टिन कमी झालेलं असतं, मेंदूच्या हिशोबाने दुष्काळ चालूच असतो, फक्त औषधामुळे तो ऐकू येत नव्हता. म्हणून कोणी सुरू करायच्या विचारात असेल तर डॉक्टरला आधी किती किलो उतरेल हे न विचारता किती वर्षं घ्यावं लागेल आणि थांबवायचं ठरलं तर कसं थांबवायचं हे विचारा, डोस हळूहळूच वाढवा, आणि मळमळ व्हायला लागली तर अंगावर न काढता लगेच कळवा, जठर सावकाश रिकामं होणं आणि मेंदूतल्या मळमळीच्या जागेजवळच या औषधाचं काम चालणं या दोन्हीमुळे सुरुवातीला ती बऱ्याच जणांना होते.